नातीचं बारसं आहे, नावांचे खरे अर्थ सांगा

गोठकरीण (लष्कर, ग्वाल्हेर) | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. गेल्या बुधवारी आमच्याकडे नात आली. येत्या रविवारी बारावा दिवस, म्हणून बारसं त्याच दिवशी, घरीच, चिटणीसांची गोठ या मोहल्ल्यातल्या आमच्या जुन्या वाड्यात. घुगऱ्यांचे हरभरे आणून झाले, पाळणा माळ्यावरून उतरवून पुसून ठेवला, नाव तेवढं ठरत नाही.

नक्षत्र हस्त, चरण तिसरा. पंचांग पाहणाऱ्यांना अडचण लगेच कळेल. हस्ताची अक्षरं पू, ष, ण, ठ, आणि तिसऱ्या चरणाला येतो ण. आता णवरून मुलीचं नाव कुठून आणायचं? गुरुजी म्हणाले, नावरस नाव पत्रिकेपुरतं असतं, पहिल्या चरणाचा पू घ्या, हाक मारायचं नाव तुमच्या आवडीचं ठेवा.

आवडीवरच तर अडलंय. मुलाला छोटं, परदेशातही सहज म्हणता येईल असं नाव हवं. त्याने मोबाइलवर यादी काढली: कियारा, अनाया, मायरा. शेजारच्या घरात आरव आहे, म्हणून मुलगा असता तर आरवच ठेवला असता म्हणे. प्रत्येक नावापुढे अर्थ लिहिलेला, कुठे 'देवाची कृपा', कुठे 'शांत', कुठे 'तेजस्वी'. सगळेच अर्थ इतके गोड आहेत की मला एकाचाही भरवसा वाटेना. म्हणून इथे विचारते. ज्यांना भाषा येतात त्यांनी खरं काय ते सांगा.

आणखी एक. माझ्या सासूबाई ९१ वर्षांच्या आहेत. घरात नावावरून एवढी चर्चा चाललीय, त्या गप्प. परवा एवढंच म्हणाल्या, "अर्थ काय करायचाय? जगली म्हणजे झालं." मी लग्न होऊन आले त्याला ३३ वर्षं झाली, तरी त्यांचं माहेरचं नाव मला ठाऊक नाही. सोळाव्या वर्षी लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने 'इंदिरा' लिहिलं, तेव्हापासून त्या इंदिरा. माहेर झाशीचं, तिथे आता कुणी उरलं नाही. विचारलं की म्हणतात, "ते गेलं." हे धाग्याच्या विषयात बसतं की नाही माहीत नाही, पण नाव शोधताना सारखं मनात येतंय.

शब्दवेडा | सोमवार, रात्री ११.०५

ताई, अभिनंदन. आणि अर्थ विचारलात याबद्दल आभार. या याद्यांमधलं बरंच काही एकमेकांकडून उतरवलेलं असतं, मूळ कोश कुणी उघडत नाही.

आरवपासून सुरू करतो. संस्कृतात 'आरव' म्हणजे आवाज, आरडाओरडा. रव म्हणजे ध्वनी, त्याचाच हा भाऊ. 'शांत' हा अर्थ कुणी आणि कसा चिकटवला देव जाणे, पण कोशात तो नेमका उलटा आहे.

अनाया. अरबीत 'इनाया' शब्द आहे, अर्थ काळजी, जपणूक. सुंदर नाव आहे आणि मुसलमान घरांत ते त्याच अर्थाने ठेवतात. पण ते 'अनया' होऊन संस्कृत म्हणून विकलं जातं तेव्हा घोटाळा होतो. संस्कृतात अ-नय म्हणजे अनीती, दुर्दैव. ठेवायचं तर इनाया ठेवा, अरबी म्हणून, उघडपणे.

कियारा. ही दोन नावं आहेत, एक नाही. इटालियन 'कियारा' लॅटिन 'क्लारा'वरून आली, म्हणजे स्वच्छ, उजळ. आयर्लंडमध्ये जवळजवळ तशाच स्पेलिंगचं 'कीरा' आहे, त्याचा अर्थ काळीसावळी. गंमत अशी की आपल्या 'किरण'चंही तेच. आयरिश 'कीरन' म्हणजे छोटा काळा, आपला किरण म्हणजे प्रकाशाची रेघ. दोघे डब्लिनमध्ये शेजारी बसले तर हाकेला एकदमच वळतील.

मायराचं संस्कृत मूळ मला कुठल्याही कोशात सापडलेलं नाही, म्हणून त्यावर बोलत नाही.

माळवी_पोहे (इंदूर) | मंगळवार, सकाळी ७.१५

पूर्वा, पूर्णा, पूजा. पू इतका वाईट नाही हो.

दूरदेशी (माहेर कंपू, ग्वाल्हेर; सध्या ॲमस्टरडॅम) | मंगळवार, दुपारी १.३०

नवऱ्याच्या नोकरीमुळे मी चार वर्षं घानाची राजधानी आक्रा इथे होते. तिथल्या अकान लोकांमध्ये बाळाचं पहिलं नाव आई-बाप निवडतच नाहीत, ते वारावरून ठरलेलं असतं. शुक्रवारचा मुलगा कोफी, शनिवारचा क्वामे. म्हणजे संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस झालेले कोफी अन्नान शुक्रवारचे, आणि घानाला स्वातंत्र्य मिळवून देणारे क्वामे न्क्रूमा शनिवारचे. तुमची नात बुधवारची ना? तिथे ती 'आकुआ' झाली असती आणि घरात एकही वाद झाला नसता.

ऐकताना मला आपल्याकडचे सोम्या, मंगळ्या, बुध्या आठवायचे. डहाणू-जव्हारकडच्या वारली पाड्यांवर ही नावं अजून भेटतात, आणि चंबळच्या गावांत मंगलू, बुधिया. आपण शहरातली माणसं या नावांना खालचं समजत आलो. तिकडे एका देशाच्या राष्ट्रपतीचं नाव शनिवार होतं आणि लोक ते अभिमानाने घेतात. हे मला परदेशात जाऊन कळलं याचं वाईट वाटतं.

बालीमध्ये क्रमावरून. पहिलं मूल वायान, दुसरं माडे, तिसरं न्योमान, चौथं कतुत. पाचवं झालं तर पुन्हा वायान. मुलगा असो की मुलगी, नाव तेच, फक्त पुढे मुलासाठी 'इ' आणि मुलीसाठी 'नि' लावतात.

कंपूकर | मंगळवार, रात्री ८.५०

बाली आणि घाना ठीक, पण आपल्या गावातच काय कमी आहे? जयविलास राजवाड्यात जे राजे राहिले त्यांच्यातले एक 'जॉर्ज' होते. १९१६ साली माधवराव शिंद्यांना मुलगा झाला, त्याचं नाव जॉर्ज जिवाजीराव. पाचव्या जॉर्ज बादशहावरून. त्यांची बहीण मेरी कमलाराजे, ती राणी मेरीवरून. मराठा सरदाराच्या घरात जॉर्ज आणि मेरी! लोकांनी मात्र जिवाजीरावच लक्षात ठेवले. विद्यापीठ जिवाजी, चौक जिवाजी, जॉर्ज कुठेच नाही.

आणि हे काही इंग्रजांपासून सुरू झालेलं नाही. मालोजीराजे भोसल्यांना नगरच्या शाह शरीफ पिराच्या कृपेने दोन मुलगे झाले अशी श्रद्धा, म्हणून एकाचं नाव शहाजी, दुसऱ्याचं शरीफजी. छत्रपती शिवाजी महाराजांच्या वडिलांचं नाव एका सुफी संतावरून आलेलं आहे. शिंद्यांच्या घराण्यातही बीडच्या मन्सूर शाह अवलियांवर श्रद्धा, आपल्या गोरखीत त्यांचं स्थान आजही आहे. नावात 'आपलं' आणि 'परकं' निवडत बसणाऱ्यांनी हे वाचावं एवढीच इच्छा.

हजिरा_सूर | मंगळवार, रात्री १०.२०

कंपूकर, मनातलं बोललात. मी तानसेनच्या समाधीपासून पाच मिनिटांवर राहतो. दरवर्षी तानसेन समारोहाची सकाळ ढोलीबुवांच्या हरिकथेने आणि मीलाद शरीफने उघडते, दोन्ही एकाच अंगणात. त्या तानसेनच्या मुलांची नावं परंपरा अशी सांगते: सूरतसेन, हमीरसेन, तानरस खाँ, बिलास खाँ, आणि मुलगी सरस्वती. एकाच बापाच्या पंगतीत बसलेली ही नावं. लहानपणी मला वाटायचं ही दोन वेगवेगळ्या घरांची यादी असावी.

ग्वाल्हेर घराण्याकडे या. नत्थन पीरबख्श, आणि त्यांच्या घरातले हद्दू, हस्सू, नत्थू खाँ. ज्यांच्याकडून पुढे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपर्यंत ख्याल पोचला आणि तिथून सगळ्या महाराष्ट्रात गेला. पीरबख्श म्हणजे पिराने दिलेला. मला हा एक अर्थ सगळ्या जगात सापडतो आणि दर वेळी आनंद होतो. आपला देवदत्त (अर्जुनाच्या शंखाचंही तेच नाव), फारसीतला खुदादाद, रशिया-सर्बियाकडचा बोगदान, फ्रेंच दिएदोने, हिब्रूतून आलेला मॅथ्यू, ग्रीक थिओडोर. थिओडोरचे दोन तुकडे उलटे लावा, डोरोथिया होते, मुलीचं नाव. सगळ्यांचा अर्थ देवाने दिलेलं. भाषा वेगळ्या, देव वेगळे, पण मूल हातात घेतल्यावर माणसाला सुचलेलं पहिलं वाक्य तेच.

तर ताई, नात ही 'दत्ता'च आहे. काहीही ठेवा.

शब्दवेडा | मंगळवार, रात्री ११.००

याला जोडून फारसीचं एक. सिकंदराच्या राणीचं नाव रोक्साना. तिच्यातला 'रोशन' आणि आपल्या संस्कृतातलं 'रोचन' एकाच धातूचे, चमकणं. म्हणजे रुखसाना, रोशनी आणि सुरुची या लांबच्या चुलतबहिणी आहेत.

गोठकरीण | गुरुवार, दुपारी ३.२५

मंडळी, दोन दिवस उत्तर दिलं नाही, माफ करा. घरात जे झालं ते आधी लिहिते.

काल संध्याकाळी बाळ-बाळंतिणीला शेक देऊन झाला. सून पलंगावर, सासूबाई खाली चटईवर, मी दुपटी घड्या घालत होते. तुमचे निरोप मी सुनेला वाचून दाखवले. सून भिंडची. सोम्या, मंगळ्यापर्यंत आले तर ती एकदम म्हणाली, "मम्मीजी, मेरे दादाजी का नाम घूरेलाल था." मी तिच्याकडे पाहिलं. लग्नाला चार वर्षं झाली, पत्रिकेवर 'जी. एल.' एवढंच छापलं होतं. ती सांगू लागली. तिच्या पणजीची तीन मुलं जन्मल्या जन्मल्या गेली. चौथा झाला तेव्हा दाईने त्याला उचललं, गावाबाहेरच्या घुऱ्यावर, म्हणजे उकिरड्यावर, सुपात घालून ठेवलं आणि मग दुसऱ्या बाईने 'सापडला' म्हणून घरात आणलं. टाकलेलं मूल, आता त्याच्यावर कुणाची नजर जाणार नाही. म्हणून घूरे. हे सगळं ती खाली मान घालून सांगत होती. शाळेत तिला या नावावरून खूप चिडवलं होतं.

ती थांबली आणि चटईवरून आवाज आला, "मी धोंडी."

मला आधी कळलंच नाही. सासूबाई सुनेकडे, म्हणजे त्यांच्या नातसुनेकडे बघून बोलत होत्या. "माझ्या आधीचे दोन भाऊ गेले. मग मी. आजीने पाळण्यात आधी धोंडा घातला आणि मग मला. धोंडी म्हणायचे. आई धोंडे म्हणायची." एवढं बोलून त्या पुन्हा गप्प झाल्या. सून उठून खाली त्यांच्याजवळ जाऊन बसली. बाळंतिणीने खाली बसू नये, पण मी काही बोलले नाही.

नंतर ह्यांना सांगितलं. ६५ वर्षांच्या माणसाला आईचं नाव पहिल्यांदा कळलं. ते बराच वेळ ओसरीवर बसून होते.

मला आता कियाराचं काही वाटेनासं झालंय. तुमच्यापैकी कुणाला या धोंडी नावाबद्दल माहिती असेल तर सांगा. मला त्यांच्यापुढे वाचून दाखवायचंय.

शब्दवेडा | गुरुवार, संध्याकाळी ६.१०

ताई, आधी सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

धोंडो, धोंडू, धोंडी या नावांमागे दोन वाटा असतात. एक अधिक महिना, ज्याला आपण धोंड्याचा महिना म्हणतो, त्यात जन्मलेलं मूल. दुसरी तुमच्या सासूबाईंची. मुलं जगत नसली की पुढच्याला दगडाचं नाव, दगडासारखं टिकावं म्हणून आणि मृत्यूला हवंसं वाटू नये म्हणून. दगडू, केरबा, भिकाजी, उकिरडा ही सगळी त्याच रांगेतली. हे नाव क्षुद्र नव्हे. दुसऱ्या नानासाहेब पेशव्यांचं नाव धोंडोपंत, महर्षी कर्वे धोंडो केशव, आणि जयपूर-अत्रौली गायकीच्या थोर गायिका धोंडूताई कुलकर्णी.

हजिरा_सूर यांनी नत्थू खाँ लिहिले. नत्थू, नथू हे नावही याच जातीचं. मुलगे जगत नसले की मुलाचं नाक टोचून नथ घालत, मुलगी समजून मृत्यूने सोडावं म्हणून.

आणि हे सगळ्या जगभर आहे. मंगोलियात नेरग्वी नावाची माणसं असतात, अर्थ 'नाव नाही'. एनेबिश म्हणजे 'हा तो नव्हे'. खुनबिश म्हणजे 'माणूस नव्हे'. दुष्ट शक्ती दारात येऊन विचारेल, इथे कोण आहे? तर उत्तर, कुणी नाही. चीनच्या खेड्यांत मुलाला 'कुत्र्याने उष्टं टाकलेलं' अशा अर्थाचं नाव ठेवत. पूर्व युरोपातल्या यहुदी घरांत आजारी बाळाला अल्टर म्हणत, म्हणजे म्हातारा. मृत्यूचा दूत बाळ शोधत आला तर त्याला म्हातारा सापडावा. नायजेरियातल्या योरुबा लोकांत, ज्या आईची मुलं पुन्हा पुन्हा जातात तिच्या बाळाला मालोमो म्हणतात: 'पुन्हा जाऊ नकोस'. हे नाव म्हणजे अख्खी विनवणी आहे, आई दिवसातून पन्नास वेळा करत असलेली.

भिंडचा घूरे, झाशीची धोंडी आणि लागोसचा मालोमो यांच्या आया एकमेकींना बघताच ओळखतील.

दूरदेशी | गुरुवार, संध्याकाळी ७.४५

वाचून रडले. एक भर घालते. इंडोनेशियाचे सुकर्णो लहानपणी सतत आजारी असत. त्यांचं मूळ नाव कुस्नो. ते नाव मानवत नाही म्हणून वडिलांनी बदललं आणि महाभारतातल्या कर्णावरून सुकर्णो ठेवलं. नाव बदलणं हे औषध होतं. आणि औषधासाठी तिथल्या मुसलमान घराने महाभारत उघडलं.

माळवी_पोहे (इंदूर) | गुरुवार, रात्री ९.३०

सगळे इतकं छान लिहिताहेत, मी वेगळं बोलते, रागावू नका.

धोंडीच्या आजीने प्रेमाने धोंडा घातला, मान्य. पण अशी दिसणारी सगळी नावं प्रेमाची नसतात. आमच्या माळव्यात, आणि राजस्थानात, बायकांचं नाव असतं धापू. धापलं, म्हणजे पोट भरलं, आता पुरे. हरियाणात तेच भतेरी. आपल्या महाराष्ट्रात नकुशा. यात मृत्यूला फसवणं नाही. यात मुलीला तोंडावर सांगितलंय की तू नको होतीस. माझ्या सख्ख्या आत्याचं नाव नकुशाच होतं. सहावी मुलगी. ती आयुष्यभर सही करताना पहिलं अक्षर काढून थांबायची, मी स्वतः पाहिलंय.

२०११ च्या ऑक्टोबरात साताऱ्यात जिल्हा परिषदेने कार्यक्रम घेतला आणि २८५ मुलींची 'नकुशा' ही नावं बदलून त्यांनी स्वतः निवडलेली नवी नावं कागदावर दिली. तेव्हा आत्या हयात नव्हती. मी ती बातमी कापून तिच्या फोटोमागे ठेवली आहे.

म्हणून माझी विनंती, धोंडी आणि नकुशा एका टोपलीत टाकू नका. एकीचं नाव तिला राखण्यासाठी होतं.

शब्दवेडा | गुरुवार, रात्री ९.५५

माळवी_पोहे, तुमचं बरोबर आहे. मी उकिरडा आणि केरबासारखी नावं एका दमात लिहून गेलो. हा फरक लिहायला हवा होता. आत्यांना नमस्कार.

मुरारची_सून | शुक्रवार, सकाळी ८.००

मी इथे फक्त वाचते, आज लिहितेय. सगळे धोंडी नावावर बोलले, पण ताट कुणाला दिसलं नाही का? आजींचं नाव मृत्यूने नेलं नाही, लग्नाने नेलं. ९१ पैकी ७५ वर्षं त्यांना त्यांच्या आईने ठेवलेल्या नावाने कुणी हाक मारली नाही.

मी माझं नाव बदललं नाही. तांदळाचं ताट आलं तेव्हा नवऱ्याला म्हटलं, माझंच लिही. त्याने लिहिलं. सासरी महिनाभर अबोला होता, आता सासूबाईच सगळ्यांना कौतुकाने सांगतात.

कंपूकर | शुक्रवार, दुपारी १२.१५

मुरारच्या सूनबाई, तुम्ही बोललात म्हणून धाडस करतो. फूलबागेतल्या समाधीवर आपण सगळे जातो. तिथे जी विसावली आहे तिच्या आईबापांनी तिला मणिकर्णिका म्हटलं होतं, काशीला जन्मली म्हणून, तिथल्या घाटाचं नाव. मनू ही हाक. झाशीच्या गंगाधररावांशी लग्न झालं आणि ती लक्ष्मीबाई झाली. पुढे त्यांचा मुलगा दामोदर तान्हेपणीच गेला, तेव्हा आनंदराव नावाचा मुलगा दत्तक घेतला आणि त्याचंही नाव दामोदर ठेवलं, गेलेल्या बाळाचं. त्या घरात मूळ नावाने कुणीच राहिलं नाही. १८५८ च्या जूनमध्ये पाठीशी बांधलेला तो दामोदर घेऊन ती इथवर आली, असं आपण लहानपणापासून ऐकतो.

राजमाता विजयाराजे सुद्धा माहेरच्या लेखा दिव्येश्वरी. १९४१ साली ग्वाल्हेरला आल्या आणि नाव बदललं. दत्तक राजांचंही तेच, आपले जयाजीराव दत्तक येण्याआधी भगीरथराव होते.

दूरदेशी | शुक्रवार, दुपारी २.००

हे मी इथल्या डच मैत्रिणींना सांगते तेव्हा त्या आडनावाचं समजतात. आडनाव बदलणं त्यांना माहीत आहे. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये १९८१ पासून कायद्याने बायकोचं जन्माचंच नाव चालतं. आइसलँडमध्ये तर लग्नाने काहीच बदलत नाही, कारण बहुतेकांना आडनावंच नसतात, बापाचं किंवा आईचं नाव लावतात आणि टेलिफोनच्या पुस्तकात सुद्धा माणसं पहिल्या नावाने लावलेली असत. पण बाईचं पहिलं नाव, आईने कानात सांगितलेलं, तेच बदलतात म्हटलं की मैत्रिणी थांबतात. त्यांच्याकडे पहिलं नाव कोण बदलतं? मठात जाणारी जोगीण. पोप होणारा माणूस. इसवी सन ५३३ मध्ये मर्क्युरियस नावाचे एक पोप झाले, रोमन देवाचं नाव कसं चालवायचं म्हणून ते दुसरे जॉन झाले, तिथपासूनची ती प्रथा. म्हणजे आधीचं आयुष्य संपलं असं मानणारी माणसं. आपल्याकडे हे १६ वर्षांच्या कितीतरी मुलींना करावं लागलं.

आइसलँडचीच एक गोष्ट. तिथे नावं मंजूर करणारी समिती आहे. एका मुलीचं नाव आईने 'ब्लायर' ठेवलं, म्हणजे मंद वारा. समितीने म्हटलं, हा शब्द पुल्लिंगी आहे. मुलगी १५ वर्षांची होईपर्यंत सरकारी कागदांवर तिचं नाव नुसतं 'मुलगी' होतं. २०१३ च्या जानेवारीत कोर्टाने तिला तिचं नाव दिलं.

हजिरा_सूर | शुक्रवार, रात्री ९.१०

एक सुचवू? धोंडीचं नाव नातीला द्या, वेगळ्या रूपात. दगडाची नावं जगात मानाची आहेत. पीटर, पेद्रो, पिएर, सगळे ग्रीक 'पेत्रोस', म्हणजे खडक. तुर्कस्तानात काया. आइसलँडमध्ये थोरस्टाइन म्हणजे थोर देवाचा दगड. आपल्याकडे शैला आहे, शिला आहे. छोटं आहे, परदेशात म्हणताही येईल. पणजीची आठवण राहील.

गोठकरीण | सोमवार, रात्री १०.३०

बारसं झालं. थकले आहे पण आजच लिहिते, उद्या राहून जाईल.

शनिवारी रात्री हा सगळा धागा सासूबाईंना वाचून दाखवला. मंगोलियाच्या 'नाव नाही'ला त्या हसल्या. मालोमोला डोळे पुसले. नकुशाच्या आत्याबाईंचं ऐकून म्हणाल्या, "तिला कुणीतरी दुसऱ्या नावाने हाक मारायची होती." हजिरा_सूर, तुमचं शैला, शिलाही वाचलं. मुलाला आवडलं होतं. सासूबाई नको म्हणाल्या. "धोंडी भीतीपायी ठेवलं होतं. हिला आता कशाची भीती? हिची आई दवाखान्यात बाळंत झाली, सुया टोचून झाल्या, वजन वाढतंय. हिला दगड कशाला?"

म्हणून नाव पूर्वा ठेवलं. गुरुजींचाही पू राहिला. पूर्व दिशा, आणि आधीची. अर्थ शब्दवेडा यांनी तपासावा, मी कोशात बघितलंय.

पण ऐका. बारशाला पाळण्यात आधी वरवंटा ठेवतात, हे मी इतकी वर्षं करत आले, कधी विचार केला नाही. त्याला टोपडं घालायचं, काजळाचं बोट लावायचं, मग पाळण्यावरून आणि खालून बायकांनी एकमेकींच्या हातात द्यायचा, कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या. या खेपेला सासूबाई म्हणाल्या, टोपडं मी घालते. पंधरा मिनिटं लागली त्यांना, हात थरथरतात. सुनेच्या आई भिंडहून आल्या होत्या, त्यांनी विचारलं हे पत्थर का? सासूबाईंनी हिंदीत सांगितलं, "पहले पत्थर, फिर बच्ची. मुझे भी ऐसे ही सुलाया था. मेरा नाम धोंडी है." भरल्या घरात, चाळीस बायकांपुढे. भिंडच्या विहीणबाई म्हणाल्या, "हमारे ससुरजी घूरेलाल थे." आणि दोघी हात धरून बसल्या. आत्याने कानात कुर्र केलं, पूर्वा झोपेतच होती.

रात्री सगळं आवरताना मी वरवंटा उचलून स्वयंपाकघरात न्यायला लागले, सकाळी चटणी वाटायची होती. सासूबाई पडल्या पडल्या म्हणाल्या, "आजची रात्र राहू दे पाळण्यात."

माळवी_पोहे (इंदूर) | सोमवार, रात्री १०.४८

पूर्वाला खूप आशीर्वाद. धोंडीआजींना माझा नमस्कार सांगा.